भाऊसाहेब बांदोडकर आणि गोव्याचे दोन कौल

१९६७ सालाच्या पहिल्या तीन महिन्यांत गोव्याचा मतदार दोन वेळा मतदान केंद्रावर गेला. जानेवारीत त्याने गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याचा प्रस्ताव स्पष्टपणे फेटाळून लावला. मार्चअखेरीस त्याच मतदाराने महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सत्तेवर बसविले. या पक्षाचा जन्मच मुळी विलीनीकरणासाठी झाला होता. जनमत कौलात पराभूत झालेला नेता राजकारणातून संपला, असे दिल्लीपासून मडगावपर्यंत अनेकांनी गृहीत धरले होते. तो नेता तीन महिन्यांच्या आत मुख्यमंत्रिपदाची शपथ घेण्यास पुन्हा उभा राहिला. दयानंद बाळकृष्ण बांदोडकर, म्हणजेच अवघ्या गोव्याचे भाऊसाहेब, यांचे चरित्र वाचताना हा विरोधाभास टाळून पुढे जाता येत नाही. किंबहुना तो उलगडला, तरच गोव्याच्या मतदाराचे मन कळू शकते.

बांदोडकरांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. पेडणे हा गोव्याचा उत्तरेकडील सीमेवरचा तालुका. तेरेखोलची नदी ओलांडली की सावंतवाडीचा मुलूख लागतो. पोर्तुगिजांनी तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी हे महाल सोळाव्या शतकातच घेतले होते. त्यांना जुन्या काबिजादी म्हणत. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा बाकीचा प्रदेश मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या ताब्यात आला. पेडणे तर १७८८ साली, म्हणजे अगदी शेवटी आले. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. नव्या काबिजादींतील देवळे शाबूत राहिली, भजन-कीर्तनाची आणि दशावताराची परंपरा टिकली, पोथ्या मराठीतून वाचल्या जात राहिल्या. जुन्या काबिजादींत, विशेषतः सासष्टीत, समाज बहुसंख्येने ख्रिस्ती झाला. तेथील शिक्षित वर्गाची भाषा पोर्तुगीज आणि घरची भाषा कोकणी राहिली. दीडशे-दोनशे वर्षांनी गोव्यात मतपेट्या आल्या, तेव्हा मतमोजणीच्या आकड्यांत या दोन गोव्यांची सीमारेषा जवळजवळ जशीच्या तशी उमटली. निवडणुकीचा नकाशा इतका जुना असू शकतो, याचे हे विलक्षण उदाहरण म्हटले पाहिजे.

भाऊसाहेब गोमंतक मराठा समाजातले. देवळांच्या सेवेशी पिढ्यान्‌पिढ्या जखडल्या गेलेल्या या समाजाने विसाव्या शतकाच्या आरंभी संघटित होऊन शिक्षणाची आणि सामाजिक सुधारणेची वाट धरली. संगीत, नाटक, साहित्य या क्षेत्रांत त्याने महाराष्ट्राला मोठी माणसे दिली. परंतु गावातील मानपानाच्या उतरंडीत त्याचे स्थान खालचेच राहिले. तरुण दयानंदाचे औपचारिक शिक्षण फारसे होऊ शकले नाही. पडेल तो लहानसहान व्यवसाय करीत त्यांनी जम बसविला आणि १९५० च्या दशकात खाणींच्या धंद्यात प्रवेश केला. तो काळ लोहखनिजाच्या तेजीचा होता. जपानच्या पोलाद कारखान्यांना खनिज हवे होते, मुरगावचे बंदर जवळ होते आणि पोर्तुगीज सरकार खाणींचे परवाने देत होते. थोड्याच वर्षांत बांदोडकर धनाढ्य झाले. हाती आलेला पैसा मात्र त्यांनी तिजोरीत कोंडून ठेवला नाही. शाळा, देवळे, नाट्यमंडळे, गरजू विद्यार्थी, आजारी माणसे यांच्यासाठी तो मुक्तहस्ताने खर्च होत राहिला. राजकारणात येण्यापूर्वीच दाता म्हणून त्यांचे नाव खेड्यापाड्यांत पोहोचले होते, आणि पुढे मते मागताना त्यांना स्वतःची ओळख करून द्यावी लागली नाही.

या दातृत्वाला गोव्यात जो प्रतिसाद मिळाला, त्याची कारणे जमिनीत होती. गोव्यातील खेडे भाटकाराच्या छायेत जगत असे. भाटकार म्हणजे जमीनदार. त्याच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागायतीत, खोपटे बांधून राहणारा तो मुंडकार. ज्या जमिनीवर आजोबा-पणजोबा जन्मले, त्या जमिनीवरून मुंडकाराला एका शब्दासरशी उठविता येई. शेत कसणाऱ्या कुळाचीही हीच गत होती. खंड किती द्यायचा आणि कोणत्या हंगामात जमीन काढून घ्यायची, हे भाटकाराच्या मर्जीवर असे. भाटकार सारस्वत असोत वा ख्रिस्ती, या व्यवहारात फारसा फरक पडत नसे. पोर्तुगीज अमदानीत प्रौढ मताधिकार नव्हता. साहजिकच या माणसांच्या गाऱ्हाण्याला राजकीय वजनही नव्हते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि हे चित्र एकदम पालटले. १९६२ साली पंचायतींच्या निवडणुका झाल्या. पाठोपाठ विधानसभेची चाहूल लागली आणि १९६३ साली दोन प्रमुख पक्ष आकाराला आले. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखाली काही लहान गट एकत्र येऊन युनायटेड गोवन्स पक्ष स्थापन झाला. गोव्याचे स्वतंत्र अस्तित्व टिकविणे हा त्याचा कार्यक्रम. दुसऱ्या बाजूला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो पक्ष, उभा राहिला. भाऊसाहेब त्याचे आधारस्तंभ होते. सिंह ही पक्षाची निशाणी. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा, मराठी ही गोव्याची भाषा मानावी आणि बहुजन समाजाचे राज्य यावे, या तीन मागण्या पक्षाने एकाच दमात मांडल्या. तिन्ही एकमेकींत इतक्या गुंफलेल्या होत्या, की त्या वेगळ्या करता येतील अशी शंकाही तेव्हा कोणाला आली नाही. पुढे मतदारानेच त्या वेगळ्या करून दाखविल्या.

बहुजन समाजाला महाराष्ट्र का हवा होता, याचे उत्तर केवळ भाषेत शोधणे अपुरे ठरेल. सीमेपलीकडे मुंबई राज्यात १९४८ पासून कूळकायदा होता. १९६० साली संयुक्त महाराष्ट्र झाला आणि यशवंतराव चव्हाणांच्या रूपाने बहुजन समाजातील नेता मुख्यमंत्रिपदी बसला. ज्यांच्या घरांतील पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत, घरकामांत आणि नाटक कंपन्यांत वावरल्या होत्या, त्यांना हे दुरून दिसत होते. गोव्याच्या कुळाला महाराष्ट्र हा सातबाऱ्यावर नाव लागण्याचा मार्ग वाटत होता. भाटकारांच्या राज्यातून सुटण्याचे दुसरे दार त्याला ठाऊक नव्हते.

डिसेंबर १९६३ मध्ये विधानसभेची पहिली निवडणूक झाली. गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशाच्या विधानसभेत ३० जागा होत्या, त्यांपैकी २८ गोव्यात. स्वातंत्र्याचे श्रेय, दिल्लीतील सत्ता आणि पंडित नेहरूंचे नाव या भांडवलावर काँग्रेस सहज जिंकेल, असा सर्वत्र समज होता. प्रत्यक्षात गोव्यातील २८ जागांपैकी एकही तिला मिळाली नाही. तिची एकमेव जागा दमणची. काँग्रेसने उभे केलेले उमेदवार बहुतांशी प्रतिष्ठित घराण्यांतील होते आणि मुंडकाराच्या दृष्टीने प्रतिष्ठित घराणे म्हणजे भाटकाराचे घर. युनायटेड गोवन्सला १२ जागा मिळाल्या. मगो पक्ष सर्वांत मोठा ठरला व मित्रांच्या साह्याने त्याने बहुमत गाठले. बांदोडकर स्वतः या निवडणुकीत उभे नव्हते. तरीही पक्षाने एकमुखाने त्यांनाच नेता निवडले आणि २० डिसेंबर १९६३ रोजी ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. नंतर पोटनिवडणुकीतून ते विधानसभेत आले.

या निकालाचे वर्णन पुष्कळदा हिंदू विरुद्ध ख्रिस्ती असे केले जाते. स्थूलमानाने ते चुकीचे नाही. पेडणे, डिचोली, फोंडा या भागांनी सिंहावर शिक्के मारले आणि सासष्टी युनायटेड गोवन्सच्या पाठीशी एकवटली. परंतु स्थूल वर्णनात बरेच काही सुटते. त्याच वेळी झालेल्या लोकसभेच्या निवडणुकीत पणजीची जागा पीटर आल्वारिस यांनी जिंकली. ते जन्माने ख्रिस्ती, विचाराने समाजवादी आणि भूमिकेने विलीनीकरणवादी. मगो पक्षाने त्यांना पाठिंबा दिला होता. मुरगावची जागा मगो पक्षाच्या मुकुंद शिंक्रे यांनी घेतली. भाऊसाहेबांच्या पहिल्या मंत्रिमंडळात विठ्ठल करमली यांच्याबरोबर टोनी फर्नांडिस हे ख्रिस्ती सहकारी होते. उलट बाजूस अनेक सधन हिंदू घराणी विलीनीकरणाच्या विरोधात होती. धर्माची रेघ होतीच. तिच्याखालून जमिनीची आणि जातीची दुसरी रेघ जात होती. जेथे दोन्ही रेघा एकावर एक पडल्या, तेथे मतदान एकगठ्ठा झाले. जेथे त्या एकमेकींना छेदून गेल्या, तेथे निकाल अटीतटीचे झाले.

सत्तेवर येताच बांदोडकरांनी जमिनीला हात घातला. १९६४ सालच्या कृषी कूळ कायद्याने कुळाला संरक्षण मिळाले आणि खंडाची कमाल मर्यादा उत्पन्नाच्या एकषष्ठांशावर आली. भाटकाराच्या खळ्यावर मापे मोजून देणाऱ्या माणसाला या एका आकड्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. दुसरा धडाका प्राथमिक शाळांचा. गावोगाव, वाड्यावाड्यांवर मराठी शाळा निघाल्या; इमारत नसेल तेथे देवळाच्या मंडपात वर्ग भरले. ज्या घरांत अक्षर शिरले नव्हते, त्या घरांतील मुले पाटी घेऊन बसू लागली. पोर्तुगीज अमदानीत सरकारी शिक्षणाची भाषा पोर्तुगीज होती, तेव्हा गावात मराठी शाळा उघडणे हीच बहुजन समाजाला राज्य बदलल्याची खूण वाटली.

त्यांच्या कारभाराची पद्धत मात्र दरबारी होती. त्यांच्या घराचे दार सर्वांना उघडे असे. आलेल्या माणसाचे काम तेथल्या तेथे ऐकले जाई, अधिकाऱ्याला बोलावून आज्ञा दिली जाई, कधी सरकारी नियम आड आला तर खिशातील पैसे पुढे होत. पक्षाचे उमेदवार ठरविणे, निधी उभा करणे, भांडणे मिटविणे ही सर्व सूत्रे एकाच हाती राहिली. टीकाकार त्यांना एकतंत्री म्हणत, आणि ती टीका अगदीच निराधार नव्हती. पक्षात दुसरी फळी त्यांनी घडविली नाही. खाणमालकाने कुळांचा पुढारी व्हावे, हीदेखील एक विसंगतीच. पण सामान्य मतदाराने ती विसंगती मानली नाही. पिढीजात जमिनीवर बसलेला भाटकार आणि आपल्यातून वर जाऊन श्रीमंत झालेला भाऊ, यांत तो ठाम फरक करीत होता.

आता विलीनीकरणाचा प्रश्न ऐरणीवर आला. १९६३ चा विजय हाच विलीनीकरणाला कौल, असे मगो पक्षाचे म्हणणे होते. १९६५ मध्ये गोवा विधानसभेत तसा ठराव संमत झाला आणि महाराष्ट्र विधिमंडळानेही त्याला दुजोरा दिला. विरोधकांचा युक्तिवाद वेगळा होता. विधानसभेची निवडणूक अनेक प्रश्नांवर होते. प्रदेशाचे भवितव्य ठरवायचे तर त्या एकाच प्रश्नावर लोकांना विचारले पाहिजे, असा आग्रह डॉ. सिक्वेरा यांनी धरला. पंडित नेहरूंनी गोव्याचे वेगळेपण काही काळ जपण्याचे आश्वासन दिले होते. पण मे १९६४ मध्ये ते गेले. लालबहादूर शास्त्रींचेही जानेवारी १९६६ मध्ये निधन झाले. गोव्याच्या काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर दिल्लीत विलीनीकरणाविरुद्ध सातत्याने प्रयत्न करीत राहिले. अखेर इंदिरा गांधींच्या सरकारने जनमत घेण्याचा निर्णय केला आणि १९६६ अखेर संसदेने त्यासाठी कायदा संमत केला. गोव्यापुढे दोनच पर्याय ठेवले गेले : महाराष्ट्रात विलीन होणे किंवा संघप्रदेश म्हणून राहणे. दमण आणि दीवसाठी महाराष्ट्राच्या जागी गुजरातचा पर्याय होता.

बांदोडकरांचे सरकार सत्तेवर असताना मतदान निष्पक्ष होणार नाही, अशी विरोधकांची तक्रार होती. भाऊसाहेबांनी राजीनामा दिला. डिसेंबर १९६६ च्या आरंभी राष्ट्रपती राजवट लागू झाली. जिंकण्याची खात्री असल्याखेरीज कोणी सत्ता अशी सोडत नाही. ती खात्री त्यांना होती. गावोगावच्या सभांना लोटणारी गर्दी, १९६३ चे आकडे, महाराष्ट्रातून येणारे पुढारी आणि कार्यकर्ते यांमुळे विलीनीकरण आता महिन्याभराच्या अंतरावर आले आहे, असे मगो पक्षात सर्वांनाच वाटत होते.

गर्दीत मिसळलेल्या शंका मात्र त्यांना ऐकू आल्या नाहीत. मुक्तीनंतर महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांचा तोरा गोव्याच्या तरुणाला खुपला होता. विलीनीकरण झाले तर गोवा हा एका मोठ्या राज्याच्या टोकाचा एक जिल्हा होईल, प्रत्येक कामासाठी मुंबई गाठावी लागेल आणि नोकऱ्यांत बाहेरचे येतील, ही भीती हिंदू घरांतही होती. महाराष्ट्रातील दारूबंदीच्या कायद्यांचा प्रश्न त्याहून जवळचा. माडाची सुर काढणारे रेंदेर, काजूची फेणी गाळणारे, तिच्यावर चरितार्थ चालविणारी बारदेश-तिसवाडीच्या किनारपट्टीवरील कुटुंबे ही सगळी काही ख्रिस्ती नव्हती. त्यांतील कित्येक जण सिंहाचे मतदार होते. आपल्या पक्षाच्या विजयाने आपलाच धंदा बुडेल, असा पेच प्रथमच त्यांच्यासमोर उभा राहिला.

प्रचाराची गंमत अशी, की मराठीवाद्यांच्या विरोधातील सर्वांत प्रभावी शस्त्र मराठीच ठरले. ‘गोमन्तक’ हे दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने उभे होते. मडगावहून निघणाऱ्या ‘राष्ट्रमत’ने त्याला मराठीतूनच उत्तर दिले. चंद्रकांत केणी, उदय भेंब्रे यांच्यासारख्या तरुण हिंदू लेखकांनी विलीनीकरणविरोध ही केवळ ख्रिश्चनांची मागणी नाही, हे त्या पानांतून रोज सिद्ध केले. भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर नव्या काबिजादींतही वाचले जाऊ लागले. उल्हास बुयांव यांच्या आवाजातील कोकणी गाणी, पथनाट्ये, कलापथके गावोगाव फिरू लागली. मगो पक्षाच्या प्रचाराचा सूर अस्मितेचा होता. दुसऱ्या बाजूने माणसाला त्याच्या नोकरीबद्दल, माडाबद्दल, गावाबद्दल प्रश्न विचारले. डॉ. सिक्वेरा यांच्या पक्षाला १९६३ साली जी मजल गाठता आली नव्हती, ती या तरुणांमुळे गाठता आली, असे म्हणण्यास जागा आहे.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेशासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोमंतकीयांना मताधिकार द्यावा ही मागणी मान्य झाली नव्हती. जे गावात होते तेच मतदार. गोव्यातील ३ लाख ८८ हजार ४३२ मतदारांपैकी ३ लाख १७ हजार ६३३ जणांनी मत दिले. हे प्रमाण जवळपास ८२ टक्के भरते. दोन पानांना १ लाख ७२ हजार १९१ मते पडली, फुलाला १ लाख ३८ हजार १७०. फरक ३४ हजार २१ मतांचा.

या आकड्यांवर थोडे थांबायला हवे. गोव्याच्या लोकसंख्येत हिंदू तेव्हा साधारण तीन पंचमांश होते आणि ख्रिस्ती एक तृतीयांशाहून थोडे अधिक. मतदान केवळ धर्मावर झाले असते, तर फूल आरामात जिंकले असते. संघप्रदेशाच्या बाजूने ५४ टक्के मते पडली, याचा अर्थ हजारो हिंदूंनी दोन पानांवर शिक्का मारला. नव्या काबिजादींतील बालेकिल्ल्यांनी भाऊसाहेबांना साथ दिली. सासष्टीने अपेक्षेप्रमाणे प्रचंड विरोध केला. निर्णायक ठरले ते मधले मतदार. सारस्वत आणि इतर सुशिक्षित हिंदू हे त्यांतले एक. सिंहाचे मत फुलाकडे न वळविणारे किनाऱ्यावरचे बहुजन हे दुसरे, आणि अधिक महत्त्वाचे.

निकालाने मगो पक्ष सुन्न झाला. सासष्टीत मिरवणुका निघाल्या. युनायटेड गोवन्सचे नेते विधानसभेच्या निवडणुकीकडे विजयी सेनापतीच्या नजरेने पाहू लागले. बांदोडकरांनी कौल खळखळ न करता मानला आणि ते लगेच खेड्यांत परतले. या वेळी त्यांच्यापाशी विलीनीकरणाचे वचन उरले नव्हते. उरला होता तो कूळकायदा, गावातील शाळा आणि भाटकार पुन्हा डोके वर काढील ही भीती. मार्चअखेर मतदान झाले. मगो पक्षाला १६ जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्सला पुन्हा १२. दोन अपक्षांच्या वाट्याला गेल्या. म्हणजे जनमत कौल जिंकणाऱ्या पक्षाची एकही जागा वाढली नाही. एप्रिलमध्ये भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले.

देवळात देवाला कौल लावताना गोव्याचा भाविक एका वेळी एकच प्रश्न विचारतो; दोन प्रश्न एकत्र विचारले तर प्रसाद कोणत्या प्रश्नाचा, हे कळत नाही. १९६३ साली मगो पक्षाने तीन प्रश्न एकत्र विचारले होते आणि मिळालेले उत्तर तिन्हींचे मानले. १९६७ साली प्रश्न सुटे झाले. गोवा वेगळा राहावा का, याला मतदाराने होय म्हटले. राज्य कोणी करावे, या प्रश्नावर तो पुन्हा बहुजनांच्या बाजूला गेला. दोन्ही वेळी त्याने आपापले हितच पाहिले. माडाची सुर आणि शेताचा खंड या दोन्ही गोष्टी त्याच्याच होत्या. एकीसाठी महाराष्ट्र नको होता, दुसरीसाठी भाऊसाहेब हवे होते. युनायटेड गोवन्सने खंडाचा प्रश्न कधी आपला मानला नाही. तिच्या पाठीराख्यांत जमीनदार बरेच होते, आणि त्यांना दुखवून मुंडकाराकडे जाण्याचे धैर्य त्या पक्षाला झाले नाही. डॉ. सिक्वेरा यांना गोव्याच्या वेगळ्या अस्तित्वाचे शिल्पकार म्हणून मोठा मान मिळाला, तो योग्यच. सत्ता मात्र त्यांना कधीच मिळाली नाही.

दुसऱ्या कारकिर्दीतील बांदोडकर पहिल्याहून काहीसे निराळे दिसतात. पक्षाच्या नावात महाराष्ट्र राहिला, कारभारात गोवा आला. कला अकादमी १९७० मध्ये स्थापन झाली; ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या गायनाची सेवा केली, त्यातील मुख्यमंत्र्याच्या हातून ही संस्था उभी राहावी, यात औचित्य होते. पणजीहून उत्तरेकडे जाण्यासाठी मांडवीवर पूल झाला आणि बारदेश-पेडण्याकडची होड्यांची वाट मागे पडू लागली. फुटबॉल हा बहुतांशी ख्रिस्ती गावांचा खेळ. त्यांच्या नावाची सुवर्णकरंडक स्पर्धा या काळात गाजली. सासष्टीने त्यांना मते दिली नाहीत, तरी त्यांच्याविषयीचा तिरस्कार तेथे हळूहळू मावळत गेला.

घरात मात्र कुरबूर वाढत होती. एकतंत्री कारभाराला कंटाळून १९७० साली मगो पक्षाच्या काही आमदारांनी बंड केले. सरकार कोसळणार अशी स्थिती आली असता चक्क विरोधी युनायटेड गोवन्समधील काही आमदार मदतीला धावले आणि भाऊसाहेब तरले. तीन वर्षांपूर्वी ज्या दोन पक्षांनी एकमेकांना गोव्याचे शत्रू ठरविले होते, त्यांच्यातील हे साटेलोटे सामान्य कार्यकर्त्याला पचणे कठीण होते. पक्षांतराची जी परंपरा पुढे गोव्याच्या राजकारणाला चिकटली, तिची आरंभीची पाने याच काळातील आहेत. मतदाराने मात्र बंडखोरांची बाजू घेतली नाही. १९७२ च्या निवडणुकीत मगो पक्षाला १८ जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्स १० वर आला. त्याच्या आदल्या वर्षी लोकसभेला पणजीतून काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर निवडून आले होते. विलीनीकरण रोखण्यासाठी दिल्लीत झटलेला माणूस लोकसभेत आणि विलीनीकरणवादी पक्षाचा नेता पणजीच्या सचिवालयात, अशी निवड गोव्याच्या उत्तर भागाने एका वर्षाच्या अंतराने केली.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच भाऊसाहेबांचे निधन झाले. ते ६२ वर्षांचे होते. मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे आणि पणजीहून मांडवीच्या काठाने तेथवर जाणारा रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांच्याकडे मुख्यमंत्रिपदाची सूत्रे गेली. वडिलांनी अर्धवट सोडलेले काम त्यांनी हाती घेतले. १९७५ साली मुंडकारांना घरातून हुसकावण्यास बंदी करणारा कायदा झाला. १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानले. ही दुरुस्ती नंतर अनेक वर्षे न्यायालयात अडकली.

जमिनीचा प्रश्न सुटत गेला, तसतसे सिंहाला मत देण्याचे मूळ कारणही विरत गेले. १९७९ साली शशिकलाताईंचे सरकार पडले आणि १९८० च्या निवडणुकीत मगो पक्ष ७ जागांवर घसरला. युनायटेड गोवन्सची ताकद तोवर काँग्रेसच्या प्रवाहात मिसळली होती. १९८७ च्या फेब्रुवारीत कोकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामकाजात स्थान मिळाले आणि ३० मे रोजी गोवा घटक राज्य बनला. पुढे बहुजन मतदारांचा मोठा भाग भारतीय जनता पक्षाकडे गेला. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत मगो पक्षाच्या वाट्याला ४० पैकी दोन जागा आल्या : एक फोंडा तालुक्यातील मडकई, दुसरी पेडणे तालुक्यातील मांद्रे.